दोन खाचांपाशी स्वयंपाकघर

आमच्या समोरच्या घरात सुतार राहायचे. त्यांच्या आईची नजर हळूहळू गेली, तेव्हा त्यांनी घरभर भिंतींना कमरेच्या उंचीवर लाकडी पट्टी ठोकली. पट्टीवर खुणेच्या खाचा केल्या. एक खाच लागली की न्हाणीघर, दोन लागल्या की स्वयंपाकघर. पट्टीवर हात ठेवून आई एकट्या घरभर हिंडायच्या, आपला कप आपण विसळायच्या, आणि सून फोनवर जरा जास्त बोलली की मागे येऊन उभ्या राहायच्या. "डोळे गेले, पण पहारा काही सुटला नाही," सून मला म्हणायची.

घर कर्जाचं होतं. घेतलं तेव्हा भाव चढे होते. पुढे जवळचा कारखाना बंद पडला, माणसं निघून गेली, घरांना गिऱ्हाईक उरलं नाही. सुतारांचं कामही त्याच माणसांवर चालायचं. हप्ते थकले. बँकेत जाताना त्यांनी मला सोबत नेलं. "तिथे भराभर बोलतात, वहिनी. तुम्ही ऐका, मी मान हलवतो."

बँकेतली मुलगी वयाने लहान होती, बोलायला बरी. "काका, आज घर विकलं तरी सगळं कर्ज फिटत नाही," ती म्हणाली, आणि एकेक वाट समजावत गेली. मुदत वाढवली तर हप्ता कमी होईल, पण फेडता फेडता सत्तरी उलटेल. भाड्याने द्यावं, तर भाडं हप्त्याच्या जवळपासही जात नव्हतं. बँकेच्या संमतीने पडेल भावात विकायचं आणि राहिलेली बाकी थोडी थोडी भरायची, ही तिसरी वाट. किल्ल्या बँकेला देऊन टाकल्या, तरी बाकी मानगुटीवर राहणारच होती.

"मुदतच वाढवा," सुतार म्हणाले. "आईला त्या घरात एकटीने वावरता येतं. दुसरीकडे नाही जमायचं."

त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी ते बोलून दाखवलं. त्यांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी बँकेने दिलेले सगळ्या वाटांचे कागद घेऊन मी त्यांच्याकडे बसले होते. आईंना काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण त्या पट्टी धरून आल्याच.

"सत्तरीपर्यंत रंधा मारणार तू? तुझा खांदा कुरकुरतो तो आतल्या खोलीत ऐकू येतो मला."

"आई, तू यात पडू नकोस."

"पडू नये म्हणून तर पट्टी ठोकलीस ना," आई म्हणाल्या. "वीक घर. मलाही हिंडायचा कंटाळा आलाय. बसेन एका जागी."

खोटं होतं ते. त्याच सकाळी माझी वाटी परत द्यायला त्या आपल्या दारापर्यंत एकट्या आल्या होत्या. सुतारांनी तिसऱ्या वाटेच्या कागदावर सही केली.

घेणाऱ्याने सांगितलं, त्या पट्ट्या काढून द्या, दवाखान्यासारखं वाटतं. सुतारांनी स्वतःच्या हाताने काढल्या आणि भोकं बुजवून दिली. भाड्याच्या नव्या जागेत मालकाची एकच अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

महिन्याभराने मी भेटायला गेले.

"समोरची आली का?" पायांच्या आवाजावरून आईंनी ओळखलं. समोर आता मी नव्हते. त्या खुर्चीत बसून होत्या. न्हाणीघरात जायचं तरी सुनेला हाक मारावी लागे.

"आता फोनवर कितीही बोला, मागे कुणी येत नाही," सून माझ्या कानाशी म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

खुर्चीच्या हाताला सुतारांनी जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा बसवला होता, स्वयंपाकघराच्या दारापाशी होता तो. माझ्याशी बोलताना आईंचा अंगठा त्यावरून पुढे सरकत होता. दुसरी खाच लागली, आणि बसल्या जागी त्यांनी पाय जरासा उचलला. जुन्या घरात तिथे उंबरा होता.