फायनान्सचं कॉलेज आणि टँकरची रांग

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. टँकर गल्लीच्या तोंडाशी आला आणि नेमकं तेव्हाच आमच्या ह्यांनी रांगेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मी एम.बी.ए. करणार. फायनान्समध्ये!”

मागून महानंदाकाकू ओरडल्या, “कर बाबा, पण आधी घागर सरकव!”

रांगेतले किस्से असेच साठत जातात. पाणी साठत नव्हतं, किस्से साठायचे. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातले हे. मी सातवी शिकलेली. रांगेत सांगितल्यासारखंच सांगते.

एक आधी सांगायला पाहिजे. आमच्या उदगीरच्या गल्लीत रांगेत माणूस उभं राहत नाही, घागर उभी राहते. घागर जागेवर असली की नंबर पक्का. तुम्ही खुशाल घरी भाकरी थापा. रांग हलली की मागची बाई तुमचीही घागर पुढं सरकवते. भांडणं लई झाली, पण घरी गेलेल्या माणसाची घागर कुणी मागं टाकली, असं कधी झालं नाही.

* * *

हे ठिबकच्या दुकानात कामाला. थेंब थेंब पाणी वाचवायचं सामान विकायचं, आणि शिवारात थेंबच नाही! मालकानं सांगितलं, “शिवराज, दुसरं काहीतरी बघ.”

त्यात उदगीर नवा जिल्हा होणार, अशी हवा. माझे सासरे अप्पा रोज सांगायचे, “जिल्हा झाला की बँका येत्यात. बँकांना माणसं लागत्यात. आपण तयार असावं!” हे बी.एस्सी. झालेले. प्रवेश परीक्षा दिली, मार्कही बरे पडले. राहिलं फक्त कॉलेज निवडायचं. लातूर, पुणे का नांदेड?

मला एकच धास्ती. हे पुण्याला गेले तर मी आणि तीन वर्षांची आरोही इथंच, घागरीमागं. नांदेड मिळालं तर तिघंही तिकडं खोली करून राहणार होतो. तिथं नळाला पाणी होतं.

* * *

महानंदाकाकूंना फायनान्स म्हणजे हप्ता थकला की मोटारसायकल ओढून नेणारी पोरं, एवढंच माहीत.

“गाड्या ओढायला आता कॉलेज निघालंय का रे, शिवराज?”

“तसं न्हाई काकू. मोठ्या कंपन्यांचा पैसा सांभाळायचा असतो.”

“म्हणजे तू ट्रक ओढणार!”

* * *

लातूरचं कॉलेज बघायला अप्पा स्वतः गेले. धुतलेलं धोतर, टोपी, सोबत दोन पाहुणे. स्थळ बघायला जातात तसे! सरांनी पाणी विचारलं, तर “आधी बोलणी होऊ द्या,” म्हणाले.

सर म्हणाले, “आमच्या सगळ्या मुलांना नोकऱ्या लागल्यात.”

अप्पा म्हणाले, “एका पोराचं घर दाखवा.”

नाव मिळालं अहमदपूरचं. अप्पा दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं तिथं. पोरगा बापाच्या कापडदुकानात साडीच्या घड्या घालत बसलेला! अप्पांनी चहा घेतला, घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, “स्थळ मोडलं.”

मी हसले. नंतर चुलीपुढं बसले आणि हसू गेलं. माझ्या माहेरच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं मुरुडला जावं लागायचं. माझ्यासाठी शाळा बघायला कुणी धोतर धुतलं नव्हतं. माझ्यासाठी स्थळच बघितलं.

* * *

पुण्याचा निकाल शेजारच्या शबानाभाभींनी लावला. ह्यांनी टँकरच्या रांगेतूनच कॉलेजला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. तिकडची पोरगी सांगत होती, वायफाय आहे, एसी लायब्ररी आहे.

भाभी मध्येच म्हणाल्या, “वो सब छोडो. हॉस्टेल में पानी कितने दिन में आता?”

“मॅडम, चोवीस तास असतं.”

भाभींनी फोनच बंद केला. “झूट बोलरी! ऐसे लोगां के पास नको भेजो भाई को.”

सगळी रांग मान हलवत होती!

* * *

एकदा मी ह्यांना विचारलं, “अहो, फायनान्स म्हणजे नेमकं काय?”

हे विचार करून म्हणाले, “उद्याचं आज कसं आणायचं आणि आजचं उद्यापर्यंत कसं पुरवायचं, ते.”

“मग त्यासाठी कॉलेज कशाला? मी दोन घागरीत रोज तेच करते!”

ह्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाले, “तू शिकायला पाहिजे होतंस.” ते खरं मनापासून म्हणाले. म्हणून तर जास्त लागलं.

* * *

शेवटी नांदेड ठरलं. तिथं उरलेल्या जागा एकाच दिवशी, रांगेत जो येईल त्याला, अशा भरणार होते. पहाटेची एस.टी. धरून, लोहा गावावरून आम्ही तिघं पोचलो. रांगेत ह्यांचा नंबर इतका पुढं, की मी मनात नांदेडच्या खोलीत चूलसुद्धा मांडली.

तेवढ्यात आरोही ओरडली, “पप्पा, पाणी सांडतंय!”

आवारात एक नळ गळत होता. धार चांगली करंगळीएवढी. खाली डबकं, डबक्यात चिमण्या. पोरं बाजूनं उड्या मारून जात होती. कुणी बघतही नव्हतं.

ह्यांनी बॅग रांगेत ठेवली, नीट, जागेवर, आणि धावले. मी आणि आरोही मागं. खिशात दुकानातली टेप होतीच. नळ खोलला, टेप गुंडाळली, घट्ट केला. शेवटचा थेंब थांबेपर्यंत उकिडवे बसून बघत राहिले. उठले तेव्हा तोंडावर असं समाधान, की जिल्हा झाल्यासारखं!

परत आलो तर बॅग भिंतीशी पडलेली. रांगेत खिडकीपाशी एकच पोरगं उरलेलं.

हे म्हणाले, “माझा नंबर होता इथं. ही काय बॅग!”

ते पोरगं हसून म्हणालं, “काका, ॲडमिशन बॅगेला पाहिजे का तुम्हाला?”

“जागा संपल्या,” म्हणत आतून खिडकी बंद झाली.

रात्रीच्या एस.टी.नं घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. ह्यांना यायला उशीर झाला होता. महानंदाकाकूंनी आमची घागर पुढं सरकवली.

तुमच्या ओळखीत कुणी नांदेडला ॲडमिशनसाठी जाणार असेल तर एवढा निरोप द्या. तिथं बॅग ठेवून चालत नाही, स्वतः उभं राहा म्हणावं. आणि जमलं तर आवारातला तो नळ बघून यायला सांगा. टेप टिकलीय का, ह्यांना विचारायचंय.