रांगेचं शेवटचं टोक

पंगत उठेपर्यंत स्वतःचं पान मांडायचं नाही, हा उत्तराकाकूंचा जन्माचा स्वभाव. मूळच्या नागपूरच्या, शिकागोत एकतीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासून रिटायर झालेल्या. भारताचा पासपोर्ट सोडवेना म्हणून इतकी वर्षं ग्रीन कार्डावर काढली, आणि यंदा अडुसष्टाव्या वर्षी नागरिक झाल्या. झाल्या त्या झाल्या, लगेच मतदान केंद्रावर कामालाही लागल्या. आता बोला!

केंद्र वस्तीतल्याच शाळेच्या जिममध्ये होतं. वॉशिंग्टनला आपला काँग्रेसमन, म्हणजे इथला खासदार, पाठवायचा होता. यादीत नावं शोधून बॅलट देता देता काकू थक्क होत होत्या. काठी टेकत आलेले पोलिश आजोबा, नाइट शिफ्ट संपवून आलेली मेक्सिकन नर्स, अख्खं खटलं घेऊन आलेला सीरियन बेकरीवाला, कोपऱ्यावरचे किराणावाले पटेल. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही, आणि ह्या सगळ्यांचा माणूस म्हणे एकच! काकूंना हे नवलच वाटत होतं.

केंद्रप्रमुख लोरेटा दोनदा म्हणाली, तुझं मत देऊन घे. काकूंचं आपलं एकच, आधी आलेल्यांचं होऊ दे.

संध्याकाळी रांग पार पार्किंगपर्यंत गेली. मतदान सातला बंद. पण सातच्या ठोक्याला जो रांगेत असेल, त्याला मत देता येतं. मागाहून कुणी घुसू नये म्हणून लोरेटाने काकूंना रांगेच्या शेवटी उभं केलं. सात वाजून गेले आणि काकूंच्या काळजात धस्स झालं. आपलं मत राहिलंच की! इथलं पहिलंवहिलं मत, आणि ते स्वतःच्या हाताने घालवलं. थंडीत कुडकुडत त्या रांगेबरोबर पुढे सरकत राहिल्या. स्वतःचा असा संताप आला होता की सांगायची सोय नाही.

शेवटच्या माणसाचं मत पडलं. काकूंनी मान खाली घालून चूक कबूल केली.

"सात वाजता तू कुठे उभी होतीस?" लोरेटाने विचारलं.

"रांगेच्या शेवटी. तूच उभं केलंस ना."

"मग तू रांगेतच होतीस." तिने नियमांचं पुस्तक चाळून खात्री केली आणि बॅलट पुढे केलं.

नावांपुढचा एकेक गोल काळा करायला काकूंनी चांगली दहा मिनिटं लावली. तोवर मतं मोजायचं मशीन बंद करता येईना की सील लावता येईना, सगळे थांबलेले. एवढा मोठा देश आपल्या एका कागदासाठी खोळंबलाय हे काकूंच्या ध्यानात आलं, आणि त्या तिथेच रडायला लागल्या.