उखाण्यांनंतर एक नाच

माझ्या नवऱ्याला हॉलिवूडचे जुने संगीतपट आवडतात. कॉलेजात असताना पुण्यात लागलेलं हे वेड. रविवारी दुपारी तो टीव्हीसमोर बसतो आणि मी शेजारी उभी राहून आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करते, त्यामुळे ते सगळे सिनेमे मीही पाहिलेत. नायक-नायिका तासभर भांडतात, मग बागेत येतात आणि कुठूनसा चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा सुरू होतो. बागेची परवानगी कोणी काढली, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. मला पडतो. इथे सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात बैठकांच्या खोल्या वाटण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोतला, म्हणजे सोसायटीचा, हॉल चार ते सात घेतला. यादी केली. औक्षण, केक, उखाणे, चार भाषणं, जेवण. नवऱ्याला विचारलं, "तुला काही हवंय?"

"तुझ्याबरोबर एक नाच. त्या सिनेमांतल्यासारखा."

"सगळ्यांसमोर?"

"तीन मिनिटांचा तर आहे."

एरवी तो तोंडाने काही मागत नाही. म्हणून नाच यादीत घेतला, पण भाषणांनंतर. खरं सांगायचं तर, शेवटचं काहीतरी राहूनच जातं हे मला ठाऊक होतं.

उखाण्यांना मी चार मिनिटं दिली होती. मराठी माणसांचा अंदाज मराठी बाईनेच चुकवावा, याला काय म्हणावं. आमचे दोघांचे झाले आणि एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आम्ही नुसतं ऐकायचं होय?" मग रांगच लागली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका गृहस्थांनी फ्रीजपासून सुरुवात केली आणि एमआरटी मेट्रोची तीन स्टेशनं घेऊन बायकोच्या नावाशी पोचले. दोन भाषणं उरकेपर्यंत सहा वाजले. जेवण व्हायचं होतं, हॉल साफ करून द्यायचा होता.

मुलगी कानाशी येऊन तिच्या सिंगापुरी मराठीत म्हणाली, "आई, डान्स कट कर लाह. बाबा वोन्ट माइंड."

तो स्पीकरपाशी उभा होता. पायात नवे बूट. चपला झिजून भोकं पडेपर्यंत न बदलणारा माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं आणि गाणं लावायला काढलेला फोन खिशात ठेवला. कुरकुर केली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी माइक घेतला आणि उरलेली दोन्ही भाषणं रद्द केली. त्यांतलं एक इथल्या मराठी मंडळाच्या माजी अध्यक्षांचं. ते चार पानं घेऊन उठलेच होते.

"तुम्ही बसा, काका."

नाच वाईट झाला. पैठणीत गिरकी घेता येत नाही.

"या नाचात पुरुषाने न्यायचं असतं," तो पुटपुटला.

"कुठल्या घरात?"

"तीनच मिनिटं, बाई."

नेऊ दिलं. दोनदा मसालेभाताच्या टेबलावर आपटलो. गाणं संपलं तरी त्याने हात सोडला नाही आणि मीही जेवणाची घाई केली नाही. अध्यक्ष त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलं, हा असा नाच शिकवतात कुठे?