गंजातली वीण

लीड्सच्या एका म्युझियममध्ये चिनी वस्तूंच्या दालनात बसणाऱ्या अटेंडंट बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. काचेवर कोणाचं बोट उमटलं, की त्या स्वतःच्या बाहीने ठसा पुसत. काशाच्या प्राचीन आरशापाशी तर त्या हमखास रेंगाळत. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "यात तर काहीच दिसत नाही!"

"दोन हजार वर्षांनी तुम्हीही दिसणार नाही, लव्ह," बाई तिथल्या आपुलकीच्या रीतीने म्हणाल्या.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. त्या शनिवारी मुलगी आईची खोली आवरायला आली होती. मला ते बघवेना, म्हणून मी इथे आलो होतो.

"हा हिरवा गंज घासून काढत का नाहीत?" मी विचारलं.

"थडग्यात पुरताना कोणीतरी हा आरसा कापडात गुंडाळला होता," बाई वाकून बोट दाखवत म्हणाल्या. "त्या कापडाची वीण गंजातच उरली आहे. आरसा लख्ख केला, तर ती जाईल."

मी बराच वेळ ती वीण शोधत राहिलो. दिसली, तेव्हा जिन्यात जाऊन मुलीला फोन केला.

"आईचा आरसा पुसू नकोस."

"पण बाबा, त्याच्यावर किती टिकल्या स्टक आहेत!"

"म्हणूनच," मी म्हणालो.