आक्काची न्हाणी

आमची आक्का आंघोळीला गेली की आतून कडी लावायची, ती ओढून बघायची, आणि तरीही आतून हाक मारून विचारायची, "आप्पा, दार नीट लागलंय का रं?" लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या घरात न्हाणीघर होतं. आक्काच्या नशिबात कडी आली तेव्हा तिचे सगळे केस पांढरे झाले होते.

आक्का माझी थोरली बहीण. तिला मुठेच्या खोऱ्यात, वर डोंगराला दिली होती. तिथं बायकांनी उजाडायच्या आत ओढ्यावर उरकायचं, नाहीतर घरामागं लुगडं बांधून त्याच्या आड. दाजी गेले, मूलबाळ नव्हतं, दिरांनी तिची चूल वेगळी केली. मी जाऊन तिला घेऊन आलो. आल्या दिवशी तिनं घर बघितलं नाही, आधी न्हाणी बघितली.

बघण्यासारखं काही नव्हतं. मागच्या खोलीला लागून विटांच्या भिंती, वर पत्रा, खाली शेवाळलेला कोबा आणि दाराच्या जागी पोतं.

"मला दार पायजे," आक्का म्हणाली.

"या वयात तुला कोण बघाया येतंय?"

"कुणी का येईना. मला माझी लाज हाय. तुला न्हाई, त्याला मी काय करू?"

गवंडी सगळे हिंजवडीच्या टॉवरांवर. एवढ्याशा कामाला कोण येतो? आक्का म्हणाली, "जल्मभर शेणानं सारवलं, सिमेंट काय वायलं असतंय?" वेगळंच असतं. पहिल्याच दिवशी हातानं सिमेंट कालवून तिची बोटं सोलून निघाली. दुसऱ्या दिवशी हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून पुन्हा बसली. खुरप्यानं शेवाळ खरवडलं. उतार असा काढला, की सगळं पाणी मागच्या आळवाला जावं. मी बांधावर बसून चुका सांगत होतो. ती म्हणाली, "तोंडानं भिंत उभी ऱ्हायली असती तर तू गावाला वेस बांधली असतीस."

बावधनच्या फरशीवाल्याकडं उरलेसुरले तुकडे मिळायचे. ते पिशवीत भरून ती बसनं आणायची. कंडक्टर एकदा म्हणाला, "आजी, दगडं भरलीत का काय?" "महाल हाय माझा," आक्का म्हणाली, "नीट ठेव खाली." निळे, पिवळे, फुलाफुलांचे तुकडे, गोधडी शिवावी तशी तिनं भिंत शिवली. त्यात एक गणपतीची फरशी निघाली. तेवढीच जागा भरायची राहिली होती आणि फरशी चपखल बसत होती, पण आक्कानं बसवली नाही. "देवाला म्हातारीची आंघोळ बघाया लावतोस व्हय?" तो चौकोन कोराच राहिला.

दार जुन्या फळ्यांचं. तेही तिनंच बसवलं, आणि आत उघडणारं बसवलं. आत जाऊन कोपऱ्यात भिंतीला चिकटल्याशिवाय ते लागायचं नाही. मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "बाहेर उघडणारं कुणी बी वढतंय. आत मी उभी असल्यावर कोण उघडतंय बघू."

उघडलं. माझ्याच पोरानं उघडलं. मागची खोली त्याला भाड्यानं द्यायची होती, न्हाणीघराविना ती जात नव्हती. कंपनीतल्या दोन पोरी आल्या, आक्काच्या भिंती बघून म्हणाल्या, "अंकल, कितना क्यूट है!" झालं, खोली गेली.

"आत्या, तू आता गोठ्यामागं उरकत जा," दत्ता म्हणाला, "मी पडदा लावून देतो."

"लाव की," आक्का म्हणाली. "पोत्याचाच लाव. मला सवय हाय."

मी दत्ताला म्हणालो, न्हाणी तिची हाय. तर म्हणतो, "घर कुणाच्या नावावर हाय, आप्पा?" त्याच्या. बँकेच्या कर्जासाठी मीच करून दिलं होतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही.

आक्का कुणाशीच भांडली नाही. उलट त्या पोरींना दार कसं लावायचं ते दाखवून आली. त्यांनी आठवड्यात सुतार बोलावून दार बाहेर उघडणारं करून घेतलं. आक्कानं मात्र आंघोळ सोडली. खोलीत ओल्या फडक्यानं अंग पुसायची, बस. सून म्हणाली, "आत्याबाईंच्या अंगाला वास येतोय." आक्का म्हणाली, "येऊ दे. माणसाचाच हाय."

गेल्या थंडीत ती गेली. आमच्याकडं प्रेताला अंगणात आंघोळ घालतात. मी म्हणालो, हिला हिच्या न्हाणीत न्या. भावकीतली म्हातारी माणसं म्हणाली, "आप्पा, असं करत न्हाईत. आन् मग त्या पोरी ऱ्हातील का तितं?" मी दत्ताकडं बघितलं. तो अंगणात पाट मांडत होता.

बायकांनी भोवती लुगडी धरली. पण कामाच्या दिवशी गावात बायका असतात किती? रस्त्याची बाजू उघडीच राहिली. आत कुणीतरी पहिला तांब्या ओतला. मी उठलो आणि त्या उघड्या बाजूला आक्काकडं पाठ करून, धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरून उभा राहिलो.

फाटकात कॅबचा हॉर्न वाजला. दत्ता जवळ आला, हळूच म्हणाला, "आप्पा, जरा सरा. पोरींची गाडी आलीया, त्यास्नी उशीर होतोय."

"उभी ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "आत बाई आंघोळ करतीया."