चढणसाहेब आणि दुसरीचा आलेख

चढणसाहेबांना वर्गात जायला आवडत नसे. खडूच्या भुकटीने खोकला येतो असं ते सांगत आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरी अडचण अशी की वर्गात मुलं असत आणि मुलं काय विचारतील याचा नेम नसतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत हा धोका नव्हता. तिथे पंखा होता, टेबलाच्या काचेखाली वेळापत्रक होतं, बशीने झाकलेला चहा होता आणि समोर माना डोलावणारी माणसं होती. साहेब तिथेच रमत.

त्यांचं काम म्हणजे त्या भागातल्या प्राथमिक शाळांना सतत सुधारणेच्या योजना आखायला मार्गदर्शन करणं आणि त्या योजनांवर देखरेख ठेवणं. काम वाईट नाही. कुठलं मूल कुठे अडलंय ते बघायचं, त्यावर काय करायचं ते ठरवायचं, तसं करायचं आणि फरक पडला का ते पुन्हा बघायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर कुठलीही बाई हेच करते आणि त्यासाठी तिला कुणी मार्गदर्शक लागत नाही. साहेबांच्या हाती पडलं आणि या साध्या शहाणपणाचं पार भजं झालं.

मुळात ते शिक्षक होते. शिक्षक म्हणजे काय, पाट्या टाकायचे. फळ्याकडे तोंड करून लिहायचे, पाठीमागे पोरं काय वाटेल ते करायची आणि घंटा झाली की दोन्ही बाजूंना सुटल्यासारखं व्हायचं. पुढे कुणीतरी त्यांना एका प्रशिक्षणाला पाठवलं. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून पाठवलं, हे तेवढं ते कधी सांगत नसत. तिथून ते रंगीत पेनं, एक गोल आकृती आणि आलेख काढायची विद्या घेऊन आले. आलेख पाहून वरचे अधिकारी खूश झाले आणि साहेबांची वर्गातून कायमची सुटका झाली. ज्याला शिकवता येत नव्हतं तो आता शिकवणाऱ्यांना शिकवू लागला. असं होतंच, त्याचं नवल नाही. संताप येतो तो याचा, की त्यांना स्वतःला ते अगदी योग्य वाटत होतं.

"रेघ चढती हवी," हे त्यांचं पालुपद. प्रत्येक शाळेच्या आलेखात रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली पाहिजे. मध्ये उतरली की साहेबांच्या कपाळाला आठ्या. सपाट राहिली तर त्याहून जास्त. शिक्षकांनी त्यांचं नाव चढणसाहेब ठेवलं ते त्यावरून. शिक्षकही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. एका शाळेची योजना पसंत पडली की बाकीच्या शाळा ती डोळे मिटून उतरवून काढत. एका शाळेने पटांगणाभोवती झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. त्या शाळेला पटांगणच नव्हतं. साहेबांनी योजना वाचली, खाली सही ठोकली आणि शेरा मारला, "स्तुत्य."

आता रेघ चढती ठेवायची तर सोपा उपाय काय? शेवट उंच करायला शिकवावं लागतं आणि ते कष्टाचं. त्यापेक्षा सुरुवात खाली ओढावी. वर्षाच्या सुरुवातीला जी पहिली चाचणी होते, तीत मुलं जितकी कच्ची दिसतील तितकं बरं. ही युक्ती साहेबांनी कुठे लिहून ठेवली नव्हती. चहा पिता पिता ते ती प्रत्येक मुख्याध्यापकाच्या गळी उतरवत.

त्या वर्षी साहेबांच्या लेकीची बदली त्यांच्याच शहरात झाली. लेक परिचारिका होती, रुग्णालयाजवळ तिने दोन खोल्या घेतल्या आणि मागच्याच गल्लीतल्या प्राथमिक शाळेत मुलीला दुसरीत घालायचं ठरवलं. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं.

"त्या शाळेत? अगं, तिथलं शिकवणं मला माहीत आहे."

"तुमच्याच देखरेखीखालची शाळा ना ती, बाबा?" लेक म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय," साहेब म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

लेकीने ऐकलं नाही. मग साहेबांनी तिला एवढंच बजावलं, की पोरगी माझी नात आहे हे शाळेत कुणाला कळू देऊ नकोस, उगाच वशिला लावल्यासारखं दिसतं. वशिल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. साहेबांची नात असल्या शाळेत जाते असं चारचौघांत कळलं तर आपलं हसं होईल, ही खरी भीती.

नातीला घरात बिट्टी म्हणत. या माणसाच्या आयुष्यात चांगलं म्हणावं असं जे काही होतं, ते म्हणजे बिट्टी, हे कबूल केलं पाहिजे. पोरगी वाचनाची वेडी. औषधाच्या बाटलीवरचं वाचायची, दुकानांच्या पाट्या वाचायची, पुड्याचा कागद उलगडून वाचायची. शाळा सुरू होण्याआधीच्या सुट्टीत साहेबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रोज सकाळी ती त्यांच्या शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. अवघड शब्द आला की अडखळायची, स्वतःशीच हसायची, मागे जाऊन पुन्हा धडक मारायची आणि पार व्हायची. बातमीतलं तिला काही कळत नसे. वाचता येतं याचाच तिला आनंद. साहेब डोळ्यावर पट्टी बांधून ऐकत राहायचे आणि त्या वेळी तरी त्यांना आलेख आठवत नसे.

शाळा सुरू झाली, पहिली चाचणी झाली आणि साहेब त्या शाळेत योजना बघायला गेले. मुख्याध्यापिका नवी होती. तिने दुसरीचा निकाल जसा होता तसा मांडला होता. बहुतेक मुलं वाचत होती.

साहेबांनी कागद टेबलावर सरकवला. "पहिल्याच महिन्यात एवढी मुलं वाचतात?"

"हो साहेब. पहिलीच्या बाई चांगल्या होत्या."

"मग वर्षभर तुम्ही काय करणार? सुधारणेला जागा कुठे ठेवलीत?"

बाई गोंधळल्या. "पण साहेब, येतं ते येत नाही असं कसं लिहू?"

"लिहा कोण म्हणतंय? मी काय खोटं लिहायला सांगणारा माणूस आहे?" साहेब दुखावल्यासारखे झाले. "पुन्हा तपासा. कडक तपासा. नवा उतारा द्या, आणि मूल अडखळलं की तिथेच थांबवा. अडखळतं त्याला वाचता येत नाही, सरळ हिशेब. आणि एकदा गट ठरला की पायरी गाळायची नाही. आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं. शेवटच्या चाचणीला उतारा. आलेख कसा सुंदर येतो बघाल."

बाईंच्या मनात आलं होतं नाही म्हणायचं. पण नोकरी नवी होती आणि साहेबांच्या शेऱ्यावर ती पक्की व्हायची होती. त्यांनी मान डोलावली. दुसरीच्या बाईंनी पुन्हा चाचणी घेतली. बिट्टीने जोरात सुरुवात केली, तिसऱ्या शब्दाला अडखळली, सवयीने हसून मागे गेली, आणि बाईंनी पुस्तक काढून घेतलं. बिट्टी खालच्या गटात गेली. त्या गटासाठी मागच्या भिंतीजवळ वेगळी सतरंजी होती. तिथे मुलं दिवसभर अक्षरं गिरवत. तिने एकदा शेजारच्या मुलीचं पुस्तक ओढून मोठ्याने वाचायला घेतलं, तर बाई ओरडल्या, "तुला अजून येत नाही ना? मग उगाच पाठ केलेलं म्हणू नकोस."

साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी दुसरा निकाल पाहिला तो फक्त आकड्यांत. आकडा मस्त खाली गेला होता. त्यांना इतका आनंद झाला की हीच शाळा नमुन्याची म्हणून त्यांनी वर कळवून टाकली. वर्षाअखेरीला पाहुणे येणार, शेवटची चाचणी त्यांच्यासमोर होणार असं ठरलं. त्या धांदलीत लेकीकडे जाणं राहूनच गेलं.

बऱ्याच दिवसांनी लेकीचा फोन आला. "बाबा, बिट्टीला काय झालंय कळत नाही. पुस्तक हातात धरत नाही. मी म्हटलं वाच, तर रडते. म्हणते मला येत नाही."

"त्या बाईला शिकवता येत नसणार," साहेब गरजले. "उद्याच जाऊन एकेकीला फैलावर घेतो."

आणि खरंच गेले. मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरून, बसायच्या आतच त्यांनी बिट्टी आपली नात असल्याचं जाहीर केलं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाल्या, "साहेब, पहिल्या चाचणीत ती वर्गात सगळ्यांत चांगली वाचत होती. दुसरी चाचणी तुम्ही घ्यायला लावलीत."

साहेब खाली बसले.

"तिला वरच्या गटात घ्या," ते शेवटी म्हणाले.

"घेते. पण तिच्यासारखी आणखी बरीच आहेत. सगळ्यांनाच घेते. दुसरी चाचणी चुकली होती असं तुम्ही लिहून द्या, आजच घेते."

चांगलं काही करायची एवढी सोपी संधी त्या माणसाला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. चार ओळी लिहायच्या होत्या. साहेबांनी पेन काढलंसुद्धा. मग त्यांना वर कळवलेली नमुन्याची शाळा आठवली, पाहुणे आठवले, आणि रेघ सुरुवातीपासूनच सपाट दिसली तर कोण काय म्हणेल ते दिसू लागलं. पेन खिशात परत गेलं.

"आता थोडेच दिवस राहिलेत," ते म्हणाले. "शेवटच्या चाचणीला उतारा द्यायचाच आहे. तेव्हा वाचेलच की ती. तोवर मी घरी बघतो."

बाईंनी पुन्हा मान डोलावली. त्यांनाही त्यांची नोकरी प्यारी होती. त्यांची कीव करावी असं वाटत नाही.

लेकीला साहेबांनी सांगितलं, "शाळेत बोललोय, सगळं ठीक होईल." ती रुग्णालयातून दमून आलेली, तिने विश्वास ठेवला. घरी बघतो म्हणाले, ते त्यांनी एकदाच बघितलं. वर्तमानपत्र बिट्टीसमोर धरलं आणि म्हणाले, "वाच बघू पूर्वीसारखं." बिट्टीने मथळ्यातल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, ते म्हटलं आणि दुसऱ्या अक्षराकडे जायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबली. शाळेत बाई हो म्हणाल्याशिवाय पुढचं अक्षर घ्यायचं नसे. साहेबांना ते बघवेना. वर्तमानपत्राची घडी घालून, काम आहे म्हणून ते निघून गेले. असल्या माणसांना दुसऱ्याचं दुःख सोसत नाही, म्हणून ती तिथे थांबत नाहीत.

शेवटच्या चाचणीला पाहुणे आले. वर्गाच्या भिंतीवर मोठा आलेख लावला होता, रेघ अशी चढली होती की शिडी लावावी. त्या दिवशी साहेबांना खडूचा खोकलाही आला नाही. मागच्या सतरंजीवरची मुलं एकेक करून पुढे आली आणि उतारा वाचून गेली. अडखळलं तरी आता कुणी थांबवत नव्हतं. बिट्टीची पाळी आली. तिने भीत भीत पहिलं वाक्य वाचलं, मग दुसरं, आणि मग आपल्याला येतंय हे कळल्यासारखा तिचा आवाज मोठा झाला. संपलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सगळ्यांत जास्त प्रगती हिची," दुसरीच्या बाई पाहुण्यांना म्हणाल्या. "आणि ही आपल्या साहेबांचीच नात."

पाहुणे खूश झाले. एकाने साहेबांच्या पाठीवर थाप मारली. बिट्टी धावत येऊन आजोबांना बिलगली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"आजोबा, मला वाचता आलं! पहिल्यांदाच आलं!" मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं. तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आजोबा, मी आधी ढ होते ना?"

मुख्याध्यापिका दाराशी उभी होती, ती साहेबांकडे बघत राहिली. पाहुणेही कौतुकाने बघत होते, आजोबा आता काय म्हणतात म्हणून. साहेबांनी भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"होतीस," ते म्हणाले.