डोलकाठीवर कॅमेरा घेऊन

कापसाची ती वाईट वर्षं होती. बाबांच्या माघारी पांढरकवड्यातला आमचा फोटो स्टुडिओ मी चालवत होते. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी. आणि आणखी एक काम होतं, ज्याबद्दल मी कुणाशी फारसं बोलत नसे. कुणा शेतकऱ्यानं जीव दिला की पंचनाम्याला फोटो काढायला पोलीस शिपाई माझ्याकडे यायचा. "ताई, कॅमेरा घ्या," एवढंच म्हणायचा. त्या वर्षांत तो फार वेळा आला. कधी गोठा, कधी विहीर, कधी कपाशीच्या पऱ्हाटीतला बांध. मी डोळा कॅमेऱ्याला लावायची, श्वास धरायची आणि बटण दाबायची. भिंगातून पाहिलं की समोरचं माणूस जरा लांब गेल्यासारखं वाटायचं. हात कधी कापला नाही. लोक म्हणत, पोरगी धीट आहे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, शिडाच्या एका मोठ्या जहाजावर शिकाऊ खलाशांना शिकवायचा. तिथल्या कप्तानांना जहाजाचे फोटो हवे होते. दादानं आईला फोन केला. "मावशी, पाठव तिले चार दिवस. हवा बदल होईन."

आई एका शब्दानं हो म्हणाली. एरवी नागपूरलाही एकटी पाठवायला कुरकुर करणारी माझी आई. ती माझी काळजी करत होती, हे मला तेव्हा कळलं.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत, त्या जहाजावर चढताना. पोहायला येत नव्हतं. तीन डोलकाठ्या इतक्या उंच, की वर बघताना ओढणी डोक्यावरून घसरली. "जयभीम, फोटोवाल्या बाई!" दादा डेकवरून ओरडला आणि माझी पिशवी त्यानं उचलून घेतली.

दुपारपर्यंत किनारा दिसेनासा झाला आणि मला भीती वाटायला लागली. आमच्याकडे कुठंही उभं राहिलं तरी नजर कशाला तरी अडते. टेकडीला, सागाच्या रानाला, निदान एखाद्या कडुलिंबाला. इथं ती कशालाच अडेना. मी उलट्या केल्या, लिंबू चोखलं, आणि तरीही डेकवर बसून पहिला रोल संपवला. दोर ओढणारे हात, फुगलेली शिडं. कॅमेरा डोळ्याला असला की बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कप्तान म्हणाले, "वरून एक फोटो मिळाला तर बरं होईल. पण आग्रह नाही."

"जाते," मी म्हणाले. धीट ना मी!

दादानं कमरेला पट्टा बांधला, तो अडकवायचा कसा ते तीनदा करून दाखवलं. मग दोरांच्या शिडीनं मी चढले. वर मधल्या टप्प्यावर एक लाकडी फळी होती, शेतातल्या मचाणाएवढी. तिथवर पोचले, पट्टा अडकवला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला.

तेवढ्यात वारा फिरला.

जहाज एका अंगावर कललं. खाली असताना कलणं म्हणजे दोन पावलं सरकणं. वर मात्र डोलकाठी मला उचलून डेकच्या बाहेर घेऊन गेली. भिंगात आता मला जहाज दिसेना, नुसतं काळं पाणी दिसत होतं, आणि ते लांब जात नव्हतं. जवळ येत होतं. बोट बटणावर होतं, ते दोनदा दाबलं गेलं. मग मी कॅमेरा सोडून दिला, तो गळ्यात लोंबकळत राहिला, आणि दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारली.

खालून उतरण्याच्या शिट्ट्या वाजल्या. आजूबाजूचे शिकाऊ खलाशी भराभरा उतरून गेले. मला हलता येईना. आणि मग, का ते मला आजही सांगता येणार नाही, ते सगळे चेहरे आले. गोठ्यातला, विहिरीजवळचा, बांधावरचा. बटण दाबताना मी ज्यांना लांब ढकललं होतं ते सगळे. मी मोठ्यानं रडत होते आणि वाऱ्यात माझंच रडणं मला ऐकू येत नव्हतं.

दादा कधी वर आला कळलं नाही. त्याचा हात माझ्या घोट्यावर पडला तेव्हा मी किंचाळले.

"मीच आहो. खाली पाहू नको. माह्या तोंडाकडे पाह्य."

"दादा, मले लय भेव लागून राह्यलं."

"मलेही लागते. रोज लागते."

"खोटं नको बोलू."

"कायले खोटं बोलू? पाह्य, माहे हात." त्यानं एक हात माझ्यापुढे धरला. खरंच कापत होता. "आता एक पाय दे. बस, एकच."

त्यानं माझं पाऊल हातात धरून दोरावर ठेवलं. मग दुसरं. प्रत्येक पायरीला तो "हं" म्हणायचा आणि मी "हं" म्हणायची. डेकवर टेकल्यावर मी तिथंच बसले. कुणी हसलं नाही. स्वयंपाक्यानं साखर घातलेला काळा चहा आणून दिला.

संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं. शिपाई किती वेळा आला, मी काय काय पाहिलं. आईलाही सांगितलं नव्हतं ते. त्यानं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "येवढं एकटीनं काहून झेललं तू?"

घरी आल्यावर मी ठाण्यात जाऊन सांगितलं की ते काम आता माझ्याच्यानं होणार नाही. साहेब चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बसा, चहा घेऊन जा." मी बसले नाही.

जहाजावरचे रोल मी स्वतः धुतले. डेकवरचे फोटो चांगले आले होते, कप्तानांना आवडले. वरून काढलेल्या दोन फोटोंपैकी एकात फक्त पाणी होतं. दुसऱ्यात डेकचा एक कोपरा तिरका आला होता आणि तिथं उभा राहून दादा वर बघत होता, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. तो फोटो मी कप्तानांना पाठवला नाही. आईला दाखवला. तिनं तो खिडकीपाशी नेला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, "भेला होता वं तो." आणि पदरानं फोटोवरचा माझ्या बोटाचा डाग पुसू लागली.